पारे-ल-मोनियाल : पवित्र हृदयाच्या भक्तीचे माहेरघर

जून महिना लागला, की आपल्या धर्मग्रामांतून येशूच्या पवित्र हृदयाची प्रार्थना ऐकू येऊ लागते. बाहेर पावसाची पहिली सर कोसळत असते आणि घरात वेदीवरच्या तसबिरीपुढे दिवा तेवत असतो. काट्यांच्या मुकुटाने वेढलेले, ज्वाळांनी धगधगणारे, क्रूस धारण केलेले ते हृदय आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. वडीलधाऱ्यांनी ती तसबीर घरात प्रतिष्ठित केली, धर्मगुरूंनी तिला आशीर्वाद दिला आणि ती घराची एक घटकच होऊन गेली. परंतु ती तसबीर आपल्या भिंतीवर कोठून आली, असा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधत गेलो, तर आपण फ्रान्समधील एका लहानशा नगरात जाऊन पोहोचतो. त्याचे नाव पारे-ल-मोनियाल. लोकसंख्या सुमारे ९ हजार. लूर्ड्‌सइतके ते प्रसिद्ध नाही आणि पॅरिसला जाणाऱ्या प्रवाशांच्या यादीतही ते सहसा नसते. तरीही महिन्याचा पहिला शुक्रवार, पवित्र तास, जून महिन्याची भक्ती, घरातील तसबीर या आपल्या परिचयाच्या गोष्टींचे धागे या ना त्या प्रकारे याच नगराशी जोडलेले आहेत. त्या नगराचा भूगोल व इतिहास यांची ओळख करून देण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

नदी, कुरणे आणि कालवा

फ्रान्सच्या मध्य-पूर्व भागात बर्गंडी हा जुना प्रांत आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, ल्यों शहराच्या वायव्येस सुमारे १०० किलोमीटर अंतरावर, पारे वसले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते सोन-ए-ल्वार जिल्ह्यात मोडते आणि धार्मिकदृष्ट्या ओतँ या प्राचीन धर्मप्रांतात. भोवतालच्या प्रदेशाला शारोले म्हणतात. येथे उंच डोंगर नाहीत. हलक्या चढउतारांच्या टेकड्या, झुडपांच्या कुंपणांनी विभागलेली हिरवी कुरणे आणि त्यांत चरणारी पांढरीशुभ्र गुरे, असे या मुलुखाचे रूप आहे. शारोले याच नावाने ओळखली जाणारी ही गुरांची जात आज जगभर पोहोचली आहे.

नगरातून बुर्बँस नावाची छोटी नदी वाहते. ती पुढे आरू नदीला मिळते, आरू ल्वार नदीला मिळते आणि ल्वार फ्रान्सचा मोठा प्रदेश ओलांडून अटलांटिक महासागराला जाऊन मिळते. याच जिल्ह्याच्या पूर्व भागातून वाहणाऱ्या सोन नदीचे पाणी मात्र ऱ्होन नदीमार्गे भूमध्य समुद्रात जाते. म्हणजे हा प्रदेश दोन समुद्रांच्या पाणलोटांच्या सीमेवर आहे. ही भौगोलिक स्थिती ओळखून अठराव्या शतकाच्या अखेरीस एमिलाँ गोते या अभियंत्याच्या देखरेखीखाली येथे एक कालवा खोदण्यात आला. सोन आणि ल्वार या नद्यांना जोडणाऱ्या सुमारे ११२ किलोमीटर लांबीच्या या कालव्याला ‘मध्य कालवा’ म्हणतात. तो पारे नगराला लागूनच जातो. एके काळी या कालव्यातून कोळसा, माती, फरशा यांनी भरलेल्या होड्या जात. आता तेथे मुख्यतः सहलीच्या नौका दिसतात.

संन्याशांचे नगर

‘मोनियाल’ या शब्दाचा संबंध ‘मठवासी’ या अर्थाच्या शब्दाशी आहे. पारे-ल-मोनियाल म्हणजे संन्याशांचे पारे. इ.स. ९७३ मध्ये शालोंचा सरदार लांबेर याने येथे बेनेडिक्ट संतांच्या नियमानुसार चालणारा मठ स्थापन केला. या कामी त्याला क्लूनीचे मठाधिपती संत मायल यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे ९९९ साली लांबेरचा पुत्र ह्यूग याने हा मठ क्लूनीच्या स्वाधीन केला.

क्लूनी म्हणजे मध्ययुगीन युरोपातील ख्रिस्तसभेच्या नवजागृतीचे केंद्र. ते पारेपासून जेमतेम एका दिवसाच्या घोडदौडीवर आहे. क्लूनीच्या छायेत गेल्यामुळे पारेच्या छोट्या मठाला स्थैर्य मिळाले. मठाभोवती शेतकरी, कारागीर, व्यापारी स्थायिक झाले. मठाची घंटा हेच गावाचे घड्याळ होते. पहाटेच्या प्रार्थनेला दिवस सुरू व्हायचा आणि सायंप्रार्थनेला मावळायचा. आपल्याकडेही चर्चच्या घंटेने शेतावरची माणसे थबकून प्रार्थना करीत, हे जुन्या पिढीला आठवत असेलच. त्यामुळे ते जीवन समजून घेणे आपल्याला कठीण जाऊ नये.

दगडात कोरलेली प्रार्थना

नदीकाठी उभे असलेले भव्य चर्च ही त्या काळाची देणगी आहे. त्याचे दर्शनी मनोरे व प्रवेशमंडप अकराव्या शतकातील असून मुख्य इमारत प्रामुख्याने बाराव्या शतकातील आहे. क्लूनीचे सुप्रसिद्ध मठाधिपती संत ह्यूग यांच्या काळातील बांधकामाची परंपरा तिच्यात दिसते. क्लूनीच्या महामंदिराचे बांधकाम १०८८ साली सुरू झाले होते. सुमारे १८७ मीटर लांबीचे ते चर्च रोममधील आजचे संत पीटर महामंदिर बांधले जाईपर्यंत ख्रिस्ती जगातील सर्वांत मोठे चर्च होते. पारेचे चर्च लांबीने त्याच्या साधारण एक तृतीयांश आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर क्लूनीचे महामंदिर विकले गेले आणि दगडांसाठी ते अक्षरशः पाडण्यात आले. आज तेथे त्याचा थोडासाच भाग शिल्लक आहे. पारेचे चर्च मात्र बचावले, कारण ते नगरवासीयांचे धर्मग्राम-मंदिर झाले. मोठे नाहीसे झाले आणि लहान टिकले. म्हणूनच क्लूनीचे मूळ रूप कसे होते याची कल्पना करू इच्छिणारे अभ्यासक आजही पारेला येतात.

या चर्चमध्ये फारशी सजावट नाही. उंच कमानी, तीन-तीनांच्या गटांनी मांडलेल्या खिडक्या आणि वेदीमागून जाणारी अर्धवर्तुळाकार वाट, यांतून प्रकाश हळूहळू आत उतरत राहतो. तीन या अंकातून पवित्र त्रैक्याचे स्मरण व्हावे, असा त्या रचनेचा अर्थ सांगितला जातो. वेदीवरच्या घुमटात आशीर्वाद देणाऱ्या ख्रिस्ताचे चौदाव्या शतकातील भित्तिचित्र आहे. ते कैक वर्षे चुन्याखाली झाकलेले होते व १९३५ साली पुन्हा उजेडात आले. हे चर्च मूळचे पवित्र मरियेच्या नावाचे. १८७५ साली पोप नववे पायस यांनी त्याला बॅसिलिकेचा दर्जा दिला आणि ते पवित्र हृदयाची बॅसिलिका म्हणून ओळखले जाऊ लागले.

व्यापारी, धर्मयुद्धे आणि नवे मठ

सोळाव्या शतकात पारे हे कापडाच्या व्यापारामुळे सधन झाले होते. पिएर जाये नावाच्या कापड-व्यापाऱ्याने १५२५ नंतरच्या काही वर्षांत बांधलेले घर आजही पाहायला मिळते. त्याच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांचे मुखवटे कोरलेले आहेत. आज तेथे नगरपालिका आहे.

याच शतकात फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यामध्ये भीषण धर्मयुद्धे झाली. पारेमध्ये प्रॉटेस्टंटांची मोठी वस्ती होती. त्यामुळे या नगरालाही त्या संघर्षाची झळ बसली. १५९८ साली राजा चौथा हेन्री याने नांतचे फर्मान काढून प्रॉटेस्टंटांना उपासनेची मर्यादित मुभा दिली व देशात काहीशी शांतता नांदू लागली. त्यानंतरच्या काळात येशूसंघाचे धर्मगुरू पारेमध्ये आले. १६२६ साली व्हिजिटेशन संघाच्या धर्मभगिनींनी येथे मठ उघडला. हा संघ संत फ्रान्सिस डी सेल्स व संत जेन फ्रान्सिस दे शाँताल यांनी १६१० साली आनसी येथे स्थापन केला होता. सौम्यता आणि नम्रता हा त्याचा बाणा होता. या मठाच्या चार भिंतींआडच आपल्या तसबिरीची कथा सुरू होते.

एका अबोल धर्मभगिनीची कहाणी

मार्गारेट मेरी आलाकोक यांचा जन्म २२ जुलै १६४७ रोजी पारेच्या पूर्वेकडील वेरोव्ह्र परिसरात झाला. वडील नोटरी होते. ती आठ वर्षांची असतानाच पितृछत्र हरपले. मग घराचा कारभार नातलगांच्या हाती गेला. आई आणि मुलगी स्वतःच्याच घरात परक्यासारख्या झाल्या. भाकरीच्या तुकड्यासाठीदेखील परवानगी मागावी लागे. शिवाय काही वर्षे मोठ्या आजारात गेली. आपल्याकडेही विधवा आई आणि पोरक्या मुलांच्या वाट्याला असे दिवस येतात. तेव्हा या संतिणीचे दुःख आपल्याला परके वाटू नये.

२५ मे १६७१ रोजी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी पारेच्या मठात प्रवेश केला. २७ डिसेंबर १६७३ रोजी, म्हणजे संत योहानच्या सणाच्या दिवशी, पवित्र साक्रामेंतापुढे प्रार्थना करीत असताना त्यांना पहिले मोठे दर्शन घडले. शेवटच्या भोजनाच्या वेळी योहानने प्रभूच्या छातीवर मस्तक टेकवले होते. तशीच विश्रांती आपल्याला लाभली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. त्यानंतरच्या दर्शनांतून काही गोष्टी स्पष्ट होत गेल्या. प्रभूचे हृदय मानवांवरील प्रेमाने पेटलेले आहे. त्या प्रेमाला माणसांकडून मिळतो तो बहुधा थंडपणा. म्हणून महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर स्वीकारावे, गुरुवारी रात्री गेथसेमनी बागेतील प्रभूच्या वेदनांत सहभागी होऊन एक तास प्रार्थना करावी. जून १६७५ मधील दर्शनात ख्रिस्तशरीराच्या सणानंतरच्या आठवड्याला लागून येणाऱ्या शुक्रवारी त्या हृदयाच्या सन्मानार्थ सण साजरा व्हावा, अशी इच्छा व्यक्त झाली. आज आपण पवित्र हृदयाचा सण त्याच शुक्रवारी साजरा करतो.

त्या काळात फ्रान्समध्ये जानसेनवाद नावाची कठोर विचारसरणी प्रबळ होती. देव म्हणजे कडक न्यायाधीश, माणूस अपात्र आणि म्हणून ख्रिस्तशरीर वारंवार स्वीकारणे अनुचित, अशी भीती तिने अनेकांच्या मनात भरली होती. लोक प्रभूच्या मेजापासून दूर राहू लागले होते. अशा वेळी एका सामान्य भगिनीकडून आलेला संदेश ‘जवळ या, वारंवार या’ असे सांगत होता. त्याचे मोल या पार्श्वभूमीवरच उमगते.

साक्षीदार धर्मगुरू

मठात मात्र मार्गारेट मेरी यांच्यावर फार कोणी विश्वास ठेवला नाही. हा भ्रम असावा, असे काही जाणकारांनी सांगितले. फेब्रुवारी १६७५ मध्ये क्लोद ला कोलोंबियेर हे ३४ वर्षांचे धर्मगुरू पारेच्या येशूसंघीय निवासाचे प्रमुख म्हणून आले. हुशार, उत्तम वक्ते म्हणून ख्याती असलेल्या या धर्मगुरूची इतक्या छोट्या गावी का नेमणूक झाली, असे अनेकांना वाटले. त्यांनी मार्गारेट मेरी यांचे सर्व म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि हा अनुभव देवाकडचा आहे, असा निर्वाळा दिला. घाबरलेल्या मनाला कोणीतरी ऐकून घेणे किती मोठे असते, हे सांगायला नको.

क्लोद पारेमध्ये जेमतेम दीड वर्ष राहिले. १६७६ साली त्यांना लंडनला पाठवण्यात आले. तेथे यॉर्कच्या कॅथलिक सरदारपत्नीसाठी ते प्रवचनकार होते. १६७८ साली कॅथलिकांविरुद्ध रचलेल्या खोट्या कटाच्या आरोपांचे वादळ इंग्लंडमध्ये उठले. त्यात त्यांना अटक झाली. तुरुंगात प्रकृती खालावली आणि त्यांना देशाबाहेर घालवण्यात आले. १६८१ साली ते पारेला परतले आणि १५ फेब्रुवारी १६८२ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पोप दुसरे जॉन पॉल यांनी ३१ मे १९९२ रोजी त्यांना संतपद बहाल केले. त्यांचे अवशेष आज पारेमधील त्यांच्या नावाच्या चॅपेलमध्ये आहेत.

त्यांच्या मृत्यूनंतर एक विलक्षण गोष्ट घडली. १६८४ साली त्यांची आध्यात्मिक टिपणे छापली गेली. मठात भोजनाच्या वेळी त्यांचे वाचन सुरू असताना एका व्यक्तीला प्रभूने दिलेल्या संदेशाचा उल्लेख आला. ती व्यक्ती आपल्यामध्येच बसली आहे, हे ऐकणाऱ्या भगिनींच्या लक्षात आले. जिवंतपणी मार्गारेट मेरी यांना धीर देणारा धर्मगुरू मरणानंतरही त्यांचा साक्षीदार ठरला.

शाईने रेखाटलेले चित्र

आता आपण तसबिरीकडे वळू. २० जुलै १६८५ हा मार्गारेट मेरी यांच्या नामकरणसंताचा दिवस होता. त्या वेळी त्या नवशिक्या भगिनींच्या प्रशिक्षक होत्या. त्यांनी आपल्यासाठी काही करण्याऐवजी पवित्र हृदयाला मान द्यावा, असे विद्यार्थिनींना सुचवले. मुलींनी कागदावर शाईने हृदयाचे साधे चित्र काढले, छोटी वेदी मांडली आणि तिच्यापुढे प्रार्थना केली. हा नवा प्रकार काही ज्येष्ठ भगिनींना रुचला नाही. परंतु वर्षभरातच मने बदलली. २१ जून १६८६ रोजी विरोध करणाऱ्यांपैकीच एका ज्येष्ठ भगिनीने ते चित्र प्रार्थनागृहात मांडले आणि सारा मठ त्यापुढे एकत्र आला. १६८८ साली मठाच्या बागेत पवित्र हृदयाचे छोटेसे चॅपेल उभे राहिले. १७ ऑक्टोबर १६९० रोजी मार्गारेट मेरी यांनी देह ठेवला.

त्याच १६८५ सालाची दुसरी बाजूही नजरेआड करता येणार नाही. मुलींनी ते चित्र काढल्यावर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, राजा चौदावा लुई याने नांतचे फर्मान रद्द केले. प्रॉटेस्टंटांच्या उपासनेवर बंदी आली आणि देशभरातील असंख्य कुटुंबांना धर्म किंवा मायभूमी यांपैकी एकाला मुकावे लागले. मठात प्रभूच्या प्रेमाचा संदेश रुजत असतानाच मठाबाहेर प्रभूच्याच नावाने माणसे घराला पारखी होत होती. नगराचा इतिहास सांगताना ही वेदनाही सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

झेंड्यावरचे हृदय

पवित्र हृदयाची भक्ती हळूहळू पसरत गेली. १७६५ साली पोप तेरावे क्लेमेंट यांनी पोलंडच्या बिशपांच्या विनंतीवरून या सणाला मान्यता दिली. १८५६ साली पोप नववे पायस यांनी तो सर्व ख्रिस्तसभेसाठी लागू केला.

दरम्यान फ्रेंच राज्यक्रांतीने पारेचे स्वरूप पालटले होते. जुना मठ बंद झाला, संन्यासी पांगले आणि व्हिजिटेशनच्या भगिनींनाही बाहेर पडावे लागले. श्रद्धावंतांनी मार्गारेट मेरी यांचे अवशेष जपून ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भगिनी पुन्हा मठात परतल्या. १८२९ साली एका येशूसंघीय धर्मगुरूने याच नगरात पवित्र तासाचा संघ सुरू केला. १८६४ साली मार्गारेट मेरी यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि १३ मे १९२० रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी त्यांना संतपद दिले.

१८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा दारुण पराभव केला. त्या युद्धात ल्वान्यीच्या रणांगणावर कॅथलिक स्वयंसेवकांनी पवित्र हृदयाचे चिन्ह असलेला झेंडा नेला होता. तो पारेच्या भगिनींनी भरतकाम करून तयार केलेला होता. पराभवानंतर १८७३ च्या जूनमध्ये देशभरातून यात्रेकरूंची रीघ पारेला लागली. त्यांत फ्रेंच संसदेचे अनेक सदस्यही होते. याच वर्षी पॅरिसमधील मोंमार्त्र टेकडीवर पवित्र हृदयाचे मंदिर उभारण्याचा कायदा संसदेने संमत केला.

त्या यात्रेकरूंची श्रद्धा खरी होती, यात शंका नाही. पण त्यांच्यातील अनेकांना राजेशाही परत यावी असे वाटत होते. त्यामुळे प्रजासत्ताकाच्या पुरस्कर्त्यांना हे हृदय एका राजकीय पक्षाचे चिन्ह वाटू लागले. जे हृदय सर्वांसाठी उघडे असल्याचा संदेश आला होता, तेच काही जणांना आपल्याविरुद्ध उगारलेले वाटले. धर्मचिन्ह झेंड्यावर चढले की त्याचा अर्थ संकुचित होण्याचा धोका असतो. हा धडा कोणत्याही देशातील, कोणत्याही धर्माच्या लोकांनी ध्यानात ठेवावा असा आहे.

पारेहून आपल्या घरापर्यंत

झेंड्यावरून ते हृदय घराच्या भिंतीवर कसे आले? १९०७ साली पेरू देशात जन्मलेले आणि चिली येथे सेवा करणारे धर्मगुरू मातेओ क्रॉली-बोएवी हे पारेला आले. ते आजारी होते. दर्शनांच्या चॅपेलमध्ये प्रार्थना करीत असताना आपल्याला आरोग्य लाभले, असे त्यांनी सांगितले. तेथेच त्यांच्या मनात एक संकल्प जागा झाला. एकेका कुटुंबाने पवित्र हृदयाला आपल्या घराचा स्वामी म्हणून मानाचे स्थान द्यावे, तसबीर प्रतिष्ठित करावी आणि साऱ्या कुटुंबाने एकत्र येऊन स्वतःला समर्पित करावे. पोप दहावे पायस यांनी या कार्याला आशीर्वाद दिला. फादर मातेओ यांनी आयुष्यभर देशोदेशी हिंडून हा प्रसार केला. घरात तसबीर ठेवण्याची जी विधिवत रीत आज जगभरच्या कॅथलिक कुटुंबांत दिसते, तिचे मूळ या संकल्पात आहे.

महिन्याच्या नऊ सलग पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची प्रथाही मार्गारेट मेरी यांच्या एका पत्रातील वचनावर आधारलेली आहे. आपल्याकडील अनेक आज्यांनी हे नऊ शुक्रवार निष्ठेने पाळले. त्यांतील कित्येकींना पारे हे नाव ठाऊकही नसेल.

अलीकडची वाटचाल

विसाव्या शतकाने या नगराला पुन्हा कसोटीला लावले. १९४० साली जर्मनीने फ्रान्स जिंकल्यावर व्याप्त आणि अव्याप्त प्रदेशांना विभागणारी रेषा पारेच्या परिसरातून गेली. शेजारच्या गावी जाण्यासाठीही परवाना लागू लागला. युद्धानंतर यात्रेकरूंची संख्या रोडावली. ही भक्ती जुनाट झाली, असे खुद्द कॅथलिकांतही म्हटले जाऊ लागले.

१९७५ च्या उन्हाळ्यात पॅरिसमधील एका प्रार्थनागटाचे लोक येथे एकत्र आले. पिएर गुर्सा यांनी उभ्या केलेल्या या गटाचे पुढे इमॅन्युएल समुदायात रूपांतर झाले. तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुटुंबे, तरुण, मुले, आजारी माणसे पारेमध्ये येऊन काही दिवस प्रार्थना, आराधना आणि चिंतन यांत घालवतात. ५ ऑक्टोबर १९८६ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी या नगराला भेट दिली. २७ डिसेंबर २०२३ ते २७ जून २०२५ या काळात दर्शनांच्या ३५० व्या वर्षाची जयंती येथे साजरी झाली. या जयंतीच्या काळातच, २४ ऑक्टोबर २०२४ रोजी, पोप फ्रान्सिस यांनी ‘दिलेक्सित नोस’ हे पवित्र हृदयाविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध केले व त्यात संत मार्गारेट मेरी आणि संत क्लोद यांचा विस्ताराने परामर्श घेतला. २१ एप्रिल २०२५ रोजी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले. हे परिपत्रक त्यांचे शेवटचे ठरले.

पारे केवळ यात्रेवर जगलेले नाही. १८७७ साली पॉल शार्नोझ यांनी येथे फरशांचा कारखाना सुरू केला. येथील चिनी मातीच्या रंगीत फरशा दूरदूर पोहोचल्या आणि १८८९ व १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांतही मांडल्या गेल्या. या उद्योगाची स्मृती जपणारे एक संग्रहालय नगरात आहे. १८९० च्या दशकात उभारलेले हिएरों संग्रहालय धार्मिक कलेला वाहिलेले आहे. जवाहीर कलाकार जोसेफ शोमे यांनी सोने, हस्तिदंत, संगमरवर व रत्ने वापरून घडवलेले ख्रिस्तचरित्राचे भव्य शिल्प तेथे होते. २१ नोव्हेंबर २०२४ रोजी सशस्त्र चोरांनी दिवसाढवळ्या संग्रहालयात घुसून त्या शिल्पातील मूर्ती आणि रत्ने पळवली. नगरवासीयांना याचा मोठा धक्का बसला.

तसबिरीपुढे उभे राहताना

या हजार वर्षांच्या इतिहासाकडे एकत्रित पाहिले, की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. क्लूनीचे महामंदिर पाडले गेले, राजांचे सिंहासन गेले, झेंडे वस्तुसंग्रहालयात गेले, सोन्याच्या मूर्ती चोरांनी नेल्या. टिकली ती काही मुलींनी कागदावर शाईने काढलेल्या हृदयाची स्मृती. ती समुद्रापार गेली आणि आपल्या घरापर्यंत आली.

तसबिरी आपल्या घरांत आहेत; परंतु तिच्यापुढे कुटुंब एकत्र येते का, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. संध्याकाळची प्रार्थना अनेक घरांतून मागे पडत चालली आहे. घरे नवी बांधली जातात, भिंतींना नवे रंग लागतात आणि जुनी तसबीर कधी माळ्यावर जाते. तिच्यापुढे भाऊ-भाऊ जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरतात. घरातील आजारी, एकाकी, वृद्ध माणसाचे कोणी ऐकून घेत नाही. फादर क्लोद यांनी एका घाबरलेल्या भगिनीचे ऐकून घेतले नसते, तर ही भक्ती मठाच्या भिंतीआडच राहिली असती. ऐकून घेणे हेही त्या हृदयाचेच काम आहे.

फ्रान्सच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या बांधवांना सवड मिळाली, तर त्यांनी लूर्ड्‌सबरोबर पारेलाही अवश्य भेट द्यावी. नदीत पडलेले बॅसिलिकेचे प्रतिबिंब पाहावे आणि दर्शनांच्या चॅपेलमध्ये थोडा वेळ शांत बसावे. ज्यांना जाणे शक्य नाही, त्यांनीही खंत करू नये. येत्या पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी घरातील दिवा लावावा, रुसलेल्या माणसाला हाक मारावी आणि सर्वांनी मिळून तसबिरीपुढे उभे राहावे. पारे-ल-मोनियालचे ते छोटे चॅपेल त्या क्षणी आपल्याच घरात असेल.